वळणांचा मुलूख

महाड आणि पोलादपूर ही दोन गावे मुंबईकर मंडळींना ठाऊक असतात ती मुख्यतः गाडी लागण्याची गावे म्हणून. पेणपर्यंत गप्पा, माणगावला चहा, महाड येईतो डुलक्या आणि पोलादपूर जवळ आले की पिशवीतले लिंबू नि आवळासुपारी बाहेर, असा हा प्रवासाचा ठरलेला क्रम. कारण पुढे घाट! पोलादपुरास डावीकडे वळाल तर आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. सरळ जाल तर कशेडी ओलांडून खेड-चिपळूण. आणि महाड सोडल्यावर बिरवाडीची वाट धरलीत तर वरंधा घाटातून भोर. जायचे कुठेही असो, वळणे चुकत नाहीत. या मुलखात सरळ रस्ता म्हणजे दोन वळणांमधली विश्रांती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता या बाजूस गेलो, तेव्हा बरोबर आमचे एक भाचेराव होते. शिक्षणाने इंजिनिअर, वेड मोटारींच्या शर्यतींचे. कोणता स्पर्धक कोणत्या वळणावर कुणाच्या पुढे गेला, हे या मुलास आपल्या आजोळच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा पक्के पाठ. २०२३च्या सप्टेंबरात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला जगातल्या नामांकित मोटारसायकलस्वारांची शर्यत झाली, तीही स्वारी जाऊन पाहून आलेली. आमच्या पिढीला शर्यत म्हटली की महालक्ष्मीचे घोडे आठवायचे, आणि रायगड जिल्ह्यात कुणाला विचाराल तर तो बैलगाडीची गोष्ट सांगेल. २०१४ साली बंद पडलेल्या बैलांच्या शर्यती २०२१च्या डिसेंबरात न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा इकडच्या गावांतून केवढा आनंद झाला होता! पण ते असो. भाचेरावांना घाट बघायचा होता तो देखाव्यासाठी नव्हे, वळणांसाठी. आणि त्यामुळे एरवी डोळे मिटून काढायचा रस्ता आम्हांलाही डोळे उघडे ठेवून बघावा लागला.

गाडी भाड्याची होती. चालक पोलादपूरकडचेच, साठीला टेकलेले, मितभाषी गृहस्थ. तीस वर्षे या तीन घाटांत घालवलेली. सौ. त्यांना 'काका' म्हणू लागल्या आणि पाहता पाहता ते आम्हां सर्वांचेच काका झाले.

महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची लेणी रस्त्यावरूनच दिसतात. डोंगराच्या अंगावर ओळीने खोदलेल्या त्या काळ्या चौकटी पाहिल्या म्हणजे ध्यानात येते, की ही वाट आजची नव्हे. सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत यायची आणि माल इथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. रायगडाची राजधानी झाली तेव्हा तर महाड हे तिचे दारच होते. शहरात चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी जिथले पाणी ओंजळीत घेतले, ते हे तळे. काठावर उभे राहिले की वाटते, केवढेसे हे पाणी, आणि त्याच्यासाठी माणसाला केवढे चालावे लागले! आम्ही तिथे अर्धा तास होतो. भाचेरावही त्या अर्ध्या तासात मोटारींचे नाव न काढता स्वस्थ उभे होते, हे नमूद करावयास हवे.

महाड सोडल्यावर सावित्रीवरचा पूल आला आणि काकांनी गाडी आपोआप हळू केली. इथला जुना दगडी पूल १९२८ सालचा. शेजारी दुसरा, अलीकडचा पूल होता. एकावरून जाणारी वाहतूक, दुसऱ्यावरून येणारी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री नदी दुथडी भरून वाहत असता जुना पूल कोसळला. अंधार आणि मुसळधार पाऊस. पुढे रस्ता उरला नाही हे मागून येणाऱ्यांना कळायला मार्गच नव्हता. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एस. टी. गाड्या आणि इतर काही वाहने त्या पोकळीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. कित्येक दिवस शोध चालला तो पार सावित्रीच्या मुखापर्यंत. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ला खुला झाला. आज पाहुण्याला तिथे काही विशेष दिसत नाही. स्वच्छ, रुंद पूल. गाडी अर्ध्या मिनिटात पलीकडे.

"मामा, शर्यतीच्या ट्रॅकवर रोज सकाळी गाड्या सोडण्यापूर्वी एक अधिकारी सबंध फेरी मारून येतो," भाचेराव म्हणाले. "डांबर, कडा, कठडे, सगळं तपासतो. त्यानं हो म्हटल्याशिवाय एक चाक हलत नाही."

"आमच्याकडं पहिली येष्टी जाते ना दादा," काका म्हणाले, "तीच तपासणी."

हे ते विनोदाने म्हणाले की गंभीरपणे, ते आम्हांला अजून उमगलेले नाही.

आता हा शर्यतीचा मार्ग म्हणजे काय प्रकरण आहे, ते वाचकांना थोडे सांगायला हवे. कारण पुढे घाटात त्याची वारंवार आठवण होणार आहे. मोटारी नव्या नव्या निघाल्या तेव्हा शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरूनच व्हायच्या, या गावाहून त्या गावाला. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदला निघालेल्या शर्यतीत इतके अपघात झाले, स्पर्धक आणि रस्त्याकडेचे बघे असे इतके लोक मेले, की ती बोर्डो गावीच थांबवावी लागली. तेव्हा शर्यतीला स्वतंत्र जागा हवी, हा विचार बळावला. १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स इथे खास मोटारींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला. त्याची वळणे काँक्रीटची आणि बाहेरच्या अंगाला उचललेली होती. किती? तर जवळजवळ ९ मीटर, म्हणजे दोनमजली घराहून अधिक! गाडी वेगात असली की त्या भिंतीसारख्या उतारावर चिकटून वळायची.

पुढे १९२७ साली जर्मनांनी आयफेलच्या डोंगरात न्यूर्बुर्गरिंग बांधला. बेकारांना काम मिळावे हाही त्यात हेतू होता. त्याचा उत्तरेकडचा वेढाच जवळपास २३ किलोमीटरांचा; रानातून, दऱ्यांच्या कडेने, चढउतारांवरून जाणारा. म्हणजे घाटच की! आणि तो घाट होता म्हणूनच अखेर नापास झाला. १ ऑगस्ट १९७६ला निकी लाउडा हा जगज्जेता तिथे जळत्या गाडीत सापडला. मागून येणाऱ्या स्पर्धकांनी थांबून त्याला ओढून काढले म्हणून वाचला. एवढ्या लांबलचक डोंगरी वाटेवर मदत वेळेत पोचत नाही, हे तेव्हा सर्वांना पटले. फॉर्म्युला वनची शर्यत त्या जुन्या वाटेवर पुन्हा झाली नाही. १९८४ साली शेजारी साडेचार किलोमीटरांचा नवा, आटोपशीर मार्ग केला.

आपल्याकडे आधी विमानतळांच्या धावपट्ट्या कामी आल्या. मुंबईकरांनी जुहूच्या धावपट्टीवर मोटारी पळवल्या, मद्रासकरांनी शोलावरमच्या. मग १९९०मध्ये मद्रासजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथे खास मार्ग झाला, २००३मध्ये कोइमतूरला, आणि २०११ साली ग्रेटर नोएडाचा तो बुद्ध सर्किट. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे १६, आराखडा हेर्मान टिल्के या जर्मन वास्तुतज्ज्ञाचा. तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या, २०११, २०१२ आणि २०१३ साली. तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. पुढे कराचे भांडण निघाले आणि ते पाहुणे काही परत आले नाहीत. फेटेलने पहिल्या वर्षी शर्यतीत एक फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत मारली, म्हणजे सोळाही वळणे धरून सरासरी ताशी २११ किलोमीटर.

"आणि मौज बघा," भाचेराव म्हणाले. "ती जागा आपल्या परातीसारखी सपाट. चढउतार हवेत म्हणून मुद्दाम माती ओतून टेकाडं केली! तिकडे घाट करायला पैसे मोजले, आणि इथं..." त्यांनी खिडकीतून समोर हात केला. पोलादपुराच्या पाठीशी सह्याद्रीची ती प्रचंड निळी भिंत उभी होती.

पोलादपुरास उतरून चहा झाला. गाव लहानसे, पण तीन दिशांच्या वाहतुकीमुळे सदा जागे. शिवछत्रपतींवर संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे, आणि जवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. पाटीवर नाव वाचून गाड्या सुसाट पुढे जातात. आम्हीही पूर्वी अनेकदा तसेच गेलेलो. काकांनी तेवढ्यात गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चारही चाकांना हात लावून पाहिले, बॉनेट उघडून पाणी बघितले, आणि मग गाडीला नमस्कार करून बसले.

इथून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरांवर. मधले सारे अंतर आंबेनळी घाटाने तोडायचे. कागदोपत्री याचे जुने नाव फिट्झेराल्ड घाट. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या साहेबाच्या नावावरून. साहेबलोकांना उन्हाळ्यात थंड हवा हवी होती आणि ती बग्गीत बसून गाठायची होती, त्यातून चाकाच्या वाहनाला चढता येईल असा हा रस्ता निघाला. त्यापूर्वी लोक जात ते पारघाटाने, बैल नि घोडी घेऊन.

कापडे गेले, रानबाजिऱ्याचे धरण मागे पडले आणि वळणे सुरू झाली. पहिल्या मोठ्या वळणाला भाचेराव एकदम सरसावून बसले.

वळणाचे शास्त्र एका बाबतीत अगदी निष्ठुर आहे. वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारी ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. इंडियन रोड्स काँग्रेस या आपल्या रस्तेबांधणीच्या नियम ठरवणाऱ्या, १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेने घाटातल्या केसाच्या पिनेसारख्या वळणासाठी आतल्या बाजूची किमान त्रिज्या १४ मीटर धरली आहे, आणि किमान वेग ताशी २० किलोमीटर. भाचेरावांनी भ्रमणध्वनीवर हिशेब करून दाखवला. अशा वळणात २०च्या वेगाने गाडीवर येणारी बाजूची ओढ तिच्या वजनाच्या पावपटीहून थोडी कमी. रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते, ती त्यातला बराचसा भार पेलते. उरलेला टायर सांभाळतात. आता काटा ४०वर न्या. ओढ गाडीच्या वजनाला भिडते! रस्ता कोरडा आणि टायर कोरे करकरीत असले तरी आपली घरगुती गाडी एवढे सोसत नाही. आणि पावसाळ्यात, शेवाळलेल्या डांबरावर, उंच टपाच्या बसला तर त्याच्या पुष्कळ अलीकडेच हात टेकावे लागतात. विशीत आणि चाळिशीत घाटात एवढे अंतर आहे. (आयुष्यातही आहे, पण तो विषय निराळा.)

शर्यतीच्या गाड्या याहून कितीतरी पट ओढ सहन करतात, कारण त्यांचे पंख हवेच्या दाबाने त्यांना खाली रेटत असतात. पण भाचेरावांना सांगायचे होते ते वेगळेच. "मामा, ट्रॅक बांधणारा वळण आखताना पहिल्यानं काय ठरवतो, माहीत आहे? गाडी इथं सुटली तर कुठं जाईल, ते. सुटणार हे धरूनच चालतात. म्हणून वळणाबाहेर मोकळी जागा सोडतात. मग खडीचा जाड थर, त्यात चाकं रुततात. त्याच्याही मागे जुन्या टायरांची भिंत, आणि मग कठडा. ड्रायव्हर बाहेर येतो, कपडे झटकतो आणि चालू लागतो."

आम्ही खिडकीतून खाली पाहिले. वळणाबाहेर दीड हात मुरूम, एक बुटका दगडी कठडा, आणि त्यापलीकडे एकदम सावित्रीचे खोरे. खाली कुठेतरी एक कौलारू घर, काडेपेटीएवढे. सौ.नी डोळे मिटून घेतले आणि मोठ्याने रामरक्षा सुरू केली.

घाटरस्त्याच्या इंजिनिअरला तरी दोष काय द्यावा? आतल्या बाजूला कातळ, बाहेरच्या बाजूला दरी. खडीचा थर घालायला जागा आणायची कुठून? शर्यतीच्या मार्गावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. इथे खालून ऊस भरल्यासारखी भरलेली एस. टी. चढते आहे, वरून टँकर उतरतो आहे, मध्ये एक म्हैस रवंथ करीत उभी आहे आणि कठड्यावर माकडांची सभा भरलेली. शर्यतीत चालक निवडून घेतात, त्यांना परवाने असतात, रात्री पुरेशी झोप घेऊन ते येतात. इथे नवशिका, नवविवाहित, रात्रभर जागलेला, सगळे एकाच वळणावर भेटतात. म्हणून त्रिज्या, उतार, कड ही सारी गणिते दोन्हीकडे तीच असली, तरी चुकीला जागा फक्त एकीकडे आहे. दुसरीकडे तिची भरपाई माणसांनी करायची.

आणि ती कशी करतात, ते काकांना बघून कळले. ते उतरताना कधी गाडी मोकळी सोडत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा त्यांचा धर्म. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला ते 'ब्रेक भाजणारा' म्हणतात. आंधळ्या वळणापूर्वी लांब हॉर्न. उत्तर आले तर थांबायचे. चढणाऱ्याला वाट आधी. शर्यतीत पिवळा बावटा दाखवला की पुढे धोका आहे असे समजतात. घाटात एखादा ट्रक बंद पडला, की क्लीनर उतरून चाकामागे दगड लावतो आणि मागे वीस-पंचवीस पावलांवर रस्त्यात झाडाची हिरवी फांदी टाकतो. तोच आमचा बावटा. आम्हांला त्या दिवशी वाटेत अशा दोन फांद्या लागल्या, आणि दोन्ही वेळा काकांनी ट्रकवाल्यापाशी काच खाली करून "पानी पायजे काय?" असे विचारले.

घाटाच्या मध्यावर एके ठिकाणी काका न सांगता थांबले. खाली उतरले नाहीत, नुसती गाडी बाजूला घेतली. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाली होती. पावसाचे दिवस, शनिवार. या घाटात त्यांची बस दरीत गेली. तीसएक माणसे गेली. एकच सहप्रवासी बचावला आणि तो धडपडत रस्त्यावर आला म्हणून बातमी तरी कळली. शेकडो फूट खोल दरीत दोर लावून उतरली ती महाबळेश्वर-पोलादपूर बाजूची गिर्यारोहक पोरे. कुणाची आज्ञा नव्हती, पगार नव्हता. पावसात, धुक्यात, निसरड्या कातळावरून एकेक देह वर आणला. न्यूर्बुर्गरिंगच्या डोंगरात मदत वेळेवर पोचत नाही म्हणून त्यांनी तो मार्ग सोडला. आपल्याला महाबळेश्वरची वाट सोडता येत नाही; तेव्हा इथे मदतीला दरीत उतरणारी माणसे तयार झाली आहेत.

"त्या दिवशी तुम्ही घाटात होता का काका?" भाचेरावांनी विचारले.

"वर होतो. दुपारी खाली यायचं होतं." एवढे बोलून त्यांनी गिअर टाकला.

नंतर बराच वेळ गाडीत कुणी बोलले नाही. भाचेरावांनी भ्रमणध्वनी खिशात ठेवून दिला.

वाडा-कुंभरोशीच्या अलीकडून प्रतापगड दिसू लागला. इथे उभे राहिले म्हणजे १६५९चा नोव्हेंबर समजतो. अफजलखान वाईहून निघाला तेव्हा त्याच्याजवळ हत्ती होते, तोफा होत्या, घोडदळ होते. आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी तो मारला गेल्यावर त्या सैन्याला या रानातून धड पळताही आले नाही. मोकळ्या मैदानात जे बळ, ते जावळीच्या वळणात ओझे होते. शर्यतीचा मार्ग आखणारे लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी मुद्दाम आवळलेले वळण टाकतात, ते वेग मोडण्यासाठी. महाराजांना ते आखावे लागले नाही. सह्याद्रीने आखून ठेवलेलेच होते. ते वाचता येणारा माणूस मात्र हवा होता.

पण हाच सह्याद्री पावसाळ्यात स्वतःचीच आखणी मोडून टाकतो. २२ जुलै २०२१च्या पावसात महाड शहर पुरात बुडाले. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी आल्या. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि बरेच दिवस बंद राहिला. आता नव्या बांधलेल्या भिंती, कातळावर ताणलेल्या जाळ्या दिसतात. काही ठिकाणी जुन्या मोरीचा दगड आणि नव्या काँक्रीटचा जोड अगदी स्पष्ट दिसतो, ठिगळ लावलेल्या घोंगडीसारखा.

महाबळेश्वरला रात्र काढून दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो आणि कशेडीकडे वळलो. रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांची हद्द म्हणजे हा घाट. शिमगा-गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्यांची मुंगीच्या रांगेसारखी रांग इथे लागायची. एक ट्रक आडवा झाला की तीन-तीन तास खोळंबा. आता पोलादपूर तालुक्यातल्या भोगावहून पलीकडे कशेडी गावापर्यंत डोंगराच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरांचे बोगदे काढले आहेत. २०२३च्या गणेशोत्सवात प्रथम हलक्या वाहनांना, तेही एकाच दिशेने, त्यातून सोडले. घाटाची अर्धा-पाऊण तासाची वाट दहा मिनिटांवर आली.

आम्ही बोगद्यात शिरलो. दिवे, काँक्रीट, पंख्यांची घरघर. भाचेरावांनी घड्याळ लावले होते, पण ते बघेपर्यंत समोर उजेड आला.

"संपला?" त्यांचा चेहरा अगदी पडला. "एकही वळण नाही!"

आम्हांला मात्र त्या बोगद्याबद्दल हळहळ वाटत नाही. घाटाच्या शोभेचे गोडवे गाणारे आपण हौशी लोक वर्षातून एकदा येणार, तेही दिवसाउजेडी. ज्याला अडलेल्या बाईला घेऊन रात्री दोन वाजता मुंबईच्या बाजूला न्यायचे आहे, त्याला विचारा बोगदा हवा की वळण. नुकसान झाले असेल ते घाटातल्या चहावाल्यांचे. परतीच्या वेळी भाचेरावांच्या हट्टापायी काकांनी जुन्या रस्त्याने गाडी घातली. रस्ता इतका निवांत, की पहिल्यांदाच तिथले पक्षी ऐकू आले. एका वळणावर एक म्हातारी बोरे नि उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. चार वाटे आम्ही घेतले. सौ.नी विचारले, "आजी, आता गिऱ्हाईक येतं का?" तर म्हणाली, "पयल्यासारका न्हाय. पन जो येतो तो थांबतो. पयले कुनी थांबत नव्हतं."

त्या निवांत रस्त्यावर काकांनी भाचेरावांना शेजारी बसवून वळण घेण्याची आपली रीत समजावली: कुठे बाहेरून यायचे, कुठे आत झुकायचे, नजर कठड्यावर नव्हे तर वळण जिथे सुटते तिथे ठेवायची. भाचेराव ओरडलेच, "अहो काका, ट्रॅकवर हेच शिकवतात! पैसे घेऊन!" काकांना याचे काही विशेष वाटले नाही. फक्त एवढेच म्हणाले, की तिकडच्या पोरांना समोरून येष्टी येत नसेल, तेवढे त्यांचे सोपे.

कुणाला या बाजूस जायचे असल्यास दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. दिवाळीच्या सुटीत रान अजून हिरवे असते आणि सावित्रीला पाणीही असते. वरंधा घाटाने गेलात तर शिवथरघळ चुकवू नका. मात्र पावसाळ्यात तो घाट पुष्कळदा वाहतुकीस बंद असतो, तेव्हा महाडात चौकशी करूनच निघावे. आंबेनळीचेही तेच. चवदार तळे, गांधारपाले आणि उमरठ यांना मिळून एक पुरा दिवस द्यावा. घाट चढण्यापूर्वी पोलादपुरास गाडी दहा मिनिटे उभी करून चाके बघून घ्यावीत, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनावर बसून लांबच्या डोंगराकडे पाहत राहावे. आमच्या सौ.ना दुसऱ्या दिवशी आवळासुपारीची गरज पडली नाही. ती सगळी भाचेरावांनी संपवली.